लाइन अडवून बसलेला मोडेम

बोलतो, पण आधी कुणीतरी खिडकीतून डोकावून सांगा, आभाळ कसं आहे? स्वच्छ? वीजबीज काही नाही ना? मग हरकत नाही. मी मोडेम. सेनगावच्या जळबा कंडक्टरांच्या घरातला.

हल्लीच्या लेकरांना मोडेम म्हणजे काय तेच माहीत नसतं, म्हणून थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरला समजतात आकडे आणि फोनच्या तारेला समजतो आवाज. मी मधला दुभाषी. इकडचे आकडे घ्यायचे, त्यांचा आवाज करून तारेत सोडायचा, तिकडून आवाज आला की त्याचे परत आकडे करायचे. दिसायला काळा, चपटा, पाटीपुस्तकाएवढा. कपाळावर बारक्या लाल दिव्यांची ओळ. आणि लाइन जोडताना मी ओरडायचो. गल्लीतल्या बाया विचारायच्या, हे काहून किंचाळून राहिलं? अहो, पलीकडं कोण आहे ते दिसत नाही, तारेत नुसता अंधार, आणि त्यात हाक मारायची. किंचाळणार नाही तर काय गाणं म्हणणार? मी जन्माचा भित्रा आहे. लपवून काय उपयोग?

जन्म माझा तैवानच्या कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर आम्हाला वीज लावून बघायचे. माझ्या शेजारच्यातून धूर निघाला, तो गेला टोपलीत. तिथंच माझी पाचावर धारण बसली. मग जहाज, मग मुंबई, मग पुण्यातल्या एका दुकानाचं काचेचं कपाट. कपाटाखाली एक खोकं होतं, त्यात जळालेले मोडेम भरलेले. दुरुस्तीवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, साहेब, आभाळात वीज कडाडली की फोनच्या तारेतून घरात शिरते, आणि घरात शिरली की पहिला जातो तो मोडेम. हे तो दर गिऱ्हाइकाला सांगायचा आणि दर वेळी मी ऐकायचो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसा हा ब्रह्मराक्षस तेव्हाच माझ्या पाठीला लागला.

मला घेतलं शीतलनं. जळबांची एकुलती एक लेक. नांदेडला कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन ती पुण्याला ‘तराफा’ नावाच्या कंपनीत लागली होती. या कंपनीचा धंदा काय, ते मी चारदा ऐकलं तेव्हा मला कळलं. कुणीतरी कुठंतरी घरी बसून एखादं सॉफ्टवेअर लिहितो. माल चांगला असतो, पण विकणार कुठं आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाचे पैसे घेणार कसे? तर तो माल तराफाच्या वेबसाइटवर ठेवायचा. गिऱ्हाईक तिकडं कॅनडात, इंग्लंडात. तो माल उतरवून घेतो, वापरून बघतो, आवडला तर कार्डानं पैसे भरतो. पैसे भरले की त्याला ईमेलनं एक किल्ली पाठवायची, म्हणजे आकड्याअक्षरांची एक ओळ. ती ओळ टाकली की सॉफ्टवेअरचं कुलूप कायमचं उघडतं. ना पोतं, ना तराजू, ना हमाल. बाजार भरायचा नि मोडायचा, आणि कुणाच्या चपलेला धूळ लागायची नाही.

शीतलचं काम त्यातलं सगळ्यात अवघड. किल्ली सोडायची की नाही ते तिनं ठरवायचं. कारण चोरीच्या कार्डावर माल घेणारे फार. नाव एका देशातलं, पत्ता दुसऱ्या देशातला, आणि ऑर्डर आलेली तिसऱ्याच ठिकाणाहून. अशाला किल्ली दिली की माल गेला, पैसेही परत गेले, आणि बँक कंपनीचाच कान पिळायची. म्हणून शीतल प्रत्येक ऑर्डरीकडं संशयानं बघायची, ओठ चावत. तिला पगार भिण्याचाच मिळायचा म्हणा ना. आमचं दोघांचं जमलं ते त्यामुळंच असावं.

मग तिच्या आईच्या, चांगुणाबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. चूल-पाणी होईना. शीतलनं साहेबांना विचारलं, मी घरून काम करू का? साहेब म्हणाले, कर, पण कामाच्या वेळात लाइनवर पाहिजेस. गिऱ्हाईक दारात ताटकळलं की दुसऱ्या दुकानात जातं. तिनं हो म्हटलं, मला विकत घेतलं, ओढणीत गुंडाळलं आणि एसटीनं सेनगावला आणलं. सगळा रस्ता मी तिच्या मांडीवर होतो. खड्डा आला की ती माझ्यावर हात ठेवायची. एवढी माया मला पुन्हा कुणी केली नाही.

घर गल्लीच्या तोंडाशी. पुढच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली टेबल, टेबलाला लागून खिडकी. शीतलनं कॉम्प्युटर टेबलावर मांडला आणि मला खिडकीत. भिंतीतून फोनची तार निघायची ती आधी माझ्यात यायची, आणि माझ्यातून दुसरी तार निघून फोनच्या डब्यात जायची. म्हणजे त्या घरातली घंटी वाजायची ती माझ्या अंगातून. मी काम करत नसलो की लाइन फोनला. मी काम करत असलो की लाइन माझी. एकाच वेळी दोघांना मिळत नसे. बाहेरून कुणी फोन लावला तर त्याला एंगेजचा टुकटुक आवाज ऐकू यायचा आणि घरात कुणाला पत्ताही लागायचा नाही. मधे येणाऱ्या फोनची खूण देणारी एक सोय होती, पण ती खूण आली की माझी लाइन तुटायची, म्हणून शीतलनं ती बंद करून घेतली होती.

आता खरी गोष्ट. तो फोन काही एकट्या जळबांचा नव्हता.

सहा-सात वर्षं नंबर लावून, एसटीतून रिटायर होता होता जळबांना फोन मिळाला. गल्लीतला पहिला आणि बरीच वर्षं एकुलता एक. त्यामुळं सगळ्या गल्लीनं तो आपला मानला. पोरीच्या सासरी, पोराच्या होस्टेलात, लग्नाच्या पत्रिकेवर, सगळीकडं जळबांचा नंबर, पुढं कंसात पी.पी. शेजाऱ्याचा फोन, बोलवून देतील. आणि जळबा बोलवून द्यायचे हो! फोन आला की ‘धरून ठेवा’ म्हणायचे, पायात चपला सरकवायचे आणि गल्लीत हाक मारत निघायचे. आयुष्यभर गाडीत माणसं चढवली-उतरवली, आता घरबसल्या तेच काम. या कामात त्यांना भारी गोडी होती.

मी आलो आणि पंचाईत झाली. लेकीचं काम तर चाललं पाहिजे, आणि गल्लीला नाही म्हणायचं कसं? जळबांनी कंडक्टरी डोकं चालवलं. शीतल लाइनवर असली की दाराच्या कडीला लाल रुमाल बांधायचा. रुमाल दिसला की समजायचं, गाडी फुल्ल, फोन करायला येऊ नका. रुमाल सोडला की या. गल्लीला हे फार आवडलं. लहान लेकरंसुद्धा रुमाल बघून परत फिरायची. कंपनीचं काम चालू हाय, असं एकमेकांना दबक्या आवाजात सांगायची. सगळ्यांना शीतलचं कौतुक होतं. आपल्या गल्लीतली पोरगी घरात बसून विलायतेत माल विकते, ही काय साधी गोष्ट?

फक्त एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही. फोन करायला येणाऱ्याला रुमाल दिसत होता. पण बाहेरगावाहून जो फोन लावतो, त्याला सेनगावातल्या कडीचा रुमाल कसा दिसणार? जळबांना सुचलं नाही, एवढ्या शिकलेल्या शीतललाही सुचलं नाही. मला सुचलं असतं तरी मी सांगणार कुणाला?

समोरच्या घरात गोजरबाई राहायच्या. तांड्यावरून सेनगावात येऊन राहिलेल्या, नवरा वारलेला. मुलगा बाबूसिंग सेनगाव-हिंगोली जीप चालवायचा. मुलगी राणी डोंगरकड्याला दिलेली. राणी आणि शीतल दहावीपर्यंत एका बाकावरच्या. राणीला तेव्हा सातवा महिना लागला होता, पहिलंच. दिवाळी झाली की बाळंतपणाला माहेरी आणायची, असं ठरलेलं. राणी अधूनमधून तिथल्या एसटीडी बूथवरून फोन करायची, आणि गोजरबाई फोन कानाला लावून त्यांच्या बंजारा भाषेत मोठमोठ्यानं बोलायच्या. ‘याडी’ म्हणून पलीकडून हाक यायची, म्हणजे आई. ती हाक माझ्या अंगातून जायची. मला फार बरं वाटायचं.

तो दिवस दोन हजार तीन सालच्या ऑक्टोबरातला. शिवारात सोयाबीन कापून ढीग लावलेले, आणि परतीचा पाऊस कधी येईल याचा नेम नाही. सकाळपासून उकाडा. मला असले दिवस सोसत नाहीत. हवा जड झाली की मला तारेतूनच कळतं, बारीक खरखर सुरू होते.

त्या दिवशी तराफाकडं गर्दी उसळली होती. अकोल्याच्या एका गाण्याच्या मास्तरांनी पेटी सुरात लावायचं सॉफ्टवेअर केलं होतं. तिकडच्या कुठल्याशा मासिकात त्याची तारीफ छापून आली आणि ऑर्डरींची रांग लागली. त्या लोकांना तिकडं पेटी कुठून मिळते कोण जाणे. साहेबांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, उद्या लाइन सोडायची नाही, जेवायलासुद्धा नाही, आणि गर्दीत चोर घुसतात तेव्हा डोळ्यात तेल घालून बघ. तिला घरून काम करू द्यावं की नाही यावर कंपनीत कुरकुर चालू होती, तेही त्यांनी कानावर घातलं. सकाळीच लाल रुमाल कडीला बांधला गेला. मी ओरडलो, लाइन लागली, आणि आम्ही कामाला जुंपलो.

मी खिडकीत होतो, मला गल्ली दिसायची. थोड्या वेळानं गोजरबाई समोरून आल्या. त्यांनी कडीकडं बघितलं, क्षणभर थांबल्या आणि माघारी गेल्या. उंबऱ्यावर बसून तूर निवडायला लागल्या. दर थोड्या वेळानं मान वर करून रुमाल बघायच्या. पुढं कळलं, डोंगरकड्याहून आलेल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की राणीचे पाय सुजलेत, डोकं दुखतंय, आज फोन करते म्हणाली. म्हणून त्या बाई फोनची वाट बघत बसल्या होत्या. फोन आला तर जळबाभाऊ हाक मारतीलच, एवढा त्यांचा भरोसा. दोन घरांमधली गल्ली पाच पावलांचीसुद्धा नव्हती. पण कंपनीचं काम चालू असताना त्या आत आल्या नाहीत.

दुपार कलली आणि पश्चिमेकडं आभाळ काळं व्हायला लागलं. लांबवर गुरगुर झाली. माझे दिवे थरथरले. जळबा आतून आले. आभाळ वाजलं की भिंतीतून तार काढायची, हा त्यांचा नेम. मला त्यांचा केवढा आधार होता म्हणून सांगू!

“आभाळ वाजून राहिलं पोरी. तार काढतो.”

“आज न्हाई बाबा,” शीतल पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “आज लाइन सुटली तर काम जाईल माझं.”

जळबा घुटमळले आणि मागं सरले. मी मात्र गारठलो. पुन्हा गडगडलं, आता जवळ. तारेतली खरखर माझ्या अंगभर पसरली. आकडे कुठले आणि खरखर कुठली, मला वेगळं करता येईना. तिकडून येणारा शब्द नीट ऐकू येईना. मला सारखं ते खोकं दिसत होतं, कपाटाखालचं. अजून एकदा कडाडलं आणि माझा धीर सुटला. मी लाइन सोडली. धीटपणानं नाही, कुणाचं भलं व्हावं म्हणून नाही, निव्वळ भेदरून सोडली. सगळे दिवे विझले.

“अरे भित्रटा!” शीतल ओरडली. तिनं पुन्हा जोडायला हात पुढं केला.

तेवढ्यात फोन वाजला.

जळबांनी उचलला. पलीकडं डोंगरकड्याचा एसटीडीवाला होता. त्याचा आवाज एवढा चढलेला होता की खोलीभर ऐकू गेला.

“सेनगाव का? आवो, कवाधरनं लावून राहिलो, तुमची लाइन सारखी एंगेज! गोजरबाईची राणी हितं बेसुद पडली. सासरची समदी रानात गेली. पोरगी बाकड्यावर बसून होती, उठली आन् पायरीवरच पडली.”

जळबांच्या तोंडचं पाणी पळालं. तो माणूस पुढं म्हणाला, गाडी बघून राहिलो, हिंगोलीला आणावं की नांदेडला न्यावं ते हितल्या डॉक्टरला विचारतो. गाडी निघाली की कुठं नेलं ते फोन करून सांगतो. तवर तुमी निघू नका, हितनं दोन्ही गावं दोन दिशेला, रस्त्यात चुकामूक होईल. लाइन तेवढी मोकळी ठेवा.

जळबा दारात गेले आणि हाक मारली. नेहमीसारखी नव्हती ती हाक. गोजरबाईंच्या मांडीवरचं सूप पालथं झालं. त्या धावत आल्या आणि उंबऱ्याशी थबकल्या, कारण कडीला रुमाल होता. जळबांची तसली हाक ऐकूनही त्या बाईंचा पाय आत पडेना. चांगुणाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी उठल्या, रुमाल ओढून काढला आणि गोजरबाईंचा हात धरून त्यांना आत घेतलं.

मग बसणं आलं. बाबूसिंगला निरोप गेला, त्यानं प्रवासी उतरवून जीप दारात आणून लावली. इंजिन चालूच ठेवलं. फोनची घंटी काही वाजेना. पडद्यावर ऑर्डरी तशाच अडकून पडलेल्या. शीतलनं एकदा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही दोन मिनिटांसाठी जोडते. तिनं हात लांब केला आणि माझं बटण बंद केलं. कॉम्प्युटरही बंद केला. पुढं कित्येक वर्षांत ती कशातच एवढी ठाम झालेली मी पाहिली नाही.

बटण बंद झालं तरी तारा माझ्यात होत्याच. आणि आभाळ आता डोक्यावर आलं होतं. एक वीज चमकली तशी खोली पांढरी झाली. जळबांचा हात सवयीनं भिंतीकडं गेला आणि हवेतच थांबला. तार काढली तर फोनही मुका होणार. शीतलला ठाऊक होतं की मला मधून काढून भिंतीची तार थेट फोनला जोडता येते. ती पुढं झालीही. पण तेवढ्याच वेळात तो फोन आला आणि लागला नाही तर? तिला धीर होईना. आज दिवसभर आपणच लाइन अडवून बसलो होतो, हे तिला तोवर नीट कळून चुकलं होतं. ती माझ्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात छातीशी घट्ट धरून.

मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, काढा हो मला, हात जोडतो. खोटं कशाला सांगू? मोठेपणानं उरावर वीज घेणारा मी नाही. मला कुणी विचारलं नाही. मी ताटकळत राहिलो, आणि माझ्या समोर गोजरबाई ताटकळत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. त्या कुणाकडं काय मागत होत्या ते मला कळलं नाही, पण त्यांच्याकडं बघता बघता मला पहिल्यांदा वाटलं की आपल्यापेक्षा जास्त भ्यालेलं कुणीतरी या खोलीत आहे.

मग कडाडलं. किंचाळायला सवडच मिळाली नाही.

जळक्या वासानं चांगुणाबाई खोकायला लागल्या. जळबांनी फोन उचलून कानाला लावला, हलवला, पुन्हा लावला. नुसती शांतता. त्यांनी तो शीतलकडं दिला. तिनं ऐकला. गोजरबाईंनी त्या दोघांची तोंडं बघितली आणि त्या खालीच बसल्या. लाइन मेली, असं सगळ्यांनी धरलं. बाबूसिंग दारातून म्हणाला, याडी, चल, जे होईल ते होईल, हिंगोली बघू, न्हाई सापडली तर नांदेड. अंधार पडायला आला होता आणि डोंगरकड्यातून गाडी कुठल्या तोंडानं निघाली ते इथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

शीतलनं मला हात लावला. मी गरम होतो. तिनं भिंतीची तार माझ्यातून उपसली, फोनची तार माझ्यातून उपसली, मला बाजूला सारलं आणि भिंतीची तार फोनमध्ये खुपसली. घाईत ती दोनदा चुकली. मग तिनं फोन कानाला लावला आणि पटकन जागेवर ठेवून दिला.

“लाइन हाय,” ती म्हणाली. “मोडेम गेला. लाइन हाय.”

सगळे त्या डब्याकडं बघत बसले. बाबूसिंगनं इंजिन बंद केलं, कारण त्या आवाजात घंटी ऐकू येणार नाही असं त्याला वाटलं. बाहेर पाऊस पडत होता की थांबला होता, कुणाचं लक्ष नव्हतं. आणि घंटी वाजली. एसटीडीवालाच होता. नांदेडला नेलं, रक्त लागेल म्हणतात, भावाला घेऊन या. शीतलनं दवाखान्याचं नाव दोनदा विचारून घेतलं. जीप चिखल उडवत गेली.

राणी वाचली. बाबूसिंगचं रक्त तिच्या कामी आलं. हिंगोलीला जाऊन शोधत बसले असते तर ते पोहोचलंच नसतं. बाळ गेलं. मुलगी होती. तिसऱ्या दिवशी गोजरबाई परतल्या, शीतल त्यांच्या दारात गेली आणि त्यांच्याजवळ बसली. गोजरबाईंनी कुणाला बोल लावला नाही. तुमी लाइन सोडली म्हनून माझी राणी भेटली, असंच त्या गल्लीभर सांगत राहिल्या. लाइन कुणी सोडली होती आणि का, ते मला माहीत होतं, शीतललाही माहीत होतं.

कंपनीत बोलाचाली झाली. कित्येक गिऱ्हाइकांनी ऑर्डरी रद्द केल्या होत्या. साहेबांनी विचारलं, नवा मोडेम कधी बसवतेस? शीतल म्हणाली, या फोनवर आता नाही, हा फोन गल्लीचा आहे. साहेबांना तो शब्द कळला नसावा. तिनं स्वतःसाठी दुसऱ्या लाइनचा अर्ज केला, आणि ती मिळेपर्यंत रोज बाबूसिंगच्या जीपनं हिंगोलीला जायची, तिथल्या नेट कॅफेत बसून ऑर्डरी तपासायची आणि सांजच्याला यायची. साहेब महिनाभर कुरकुरले आणि गप्प झाले. अकोल्याच्या मास्तरांची पेटी खपत राहिली. लाल रुमाल चांगुणाबाईंनी चुलीत घातला.

मला दुरुस्तीला हिंगोलीला नेलं होतं. दुकानदारानं उघडून बघितलं आणि मिटलं. शीतलनं मला टाकलं मात्र नाही. पुन्हा खिडकीत आणून ठेवलं, तारांशिवाय. यंत्र मेलं तरी त्याला दिसत आणि ऐकू येत राहतं, हे तुम्हाला माहीत नसेल. ऐकू येत नसतं तर बरं झालं असतं, असं मला पुढं एकदा वाटलं.

थंडीत राणी माहेरी आली. वाळून गेली होती, डोळे तेवढे मोठे दिसत होते. नवऱ्याला फोन करायला म्हणून समोरून आली. फोन झाल्यावर दोघी खिडकीशी बसल्या, माझ्या अगदी जवळ. शाळेतल्या कुणाकुणाच्या गोष्टी निघाल्या. राणी थोडी हसलीही. मग शीतलला राहवलं नाही.

“राणी, एसटीडीवाला म्हनला तू दोनदा लावलास आन् बसून राहिलीस. अगं, एवढा जीव घाबरत होता तर काहून न्हाई लावला आनखी?”

राणीनं पदर सारखा केला. तिच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता. उलट तीच शीतलची समजूत घालावी तशी बोलली.

“दोनदा एंगेज लागला. म्हनलं शीतलचं कंपनीचं काम चालू असंल. आपुन काहून मोडावं?”

 शीतल चहा ठेवते म्हणून उठली आणि आत गेली. चहा यायला फार वेळ लागला. राणी तोवर माझ्या विझलेल्या दिव्यांवरून बोट फिरवत बसली होती, एकेका दिव्यावर थांबत. मी कोण, तिला माहीत नव्हतं.

आता त्याला बरीच वर्षं झाली. दुसरी लाइन आली, नवा मोडेम आला, तोही गेला. तराफा कुण्या मोठ्या कंपनीनं विकत घेतली. गल्लीत घरटी मोबाइल आलेत, जळबा थकलेत, आणि पी.पी. म्हणजे काय ते नव्या सुनांना समजावून सांगावं लागतं. मी अजून खिडकीत आहे. शीतल मला पुसते, पण माझ्याकडं फारसं बघत नाही. मेलेल्याला विजेचं काय भय, असं तुम्ही म्हणाल, पण आभाळ वाजलं की मला अजून धडकी भरते. आणि त्याहून जास्त धडकी भरते ती गल्लीतलं कुणी मोबाइल कानाला लावून ‘बिझी लागतोय, जाऊ दे’ म्हणतं तेव्हा.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या जिवाला घोर लागला असेल आणि समोरचा फोन लागत नसेल तर भीड धरू नका. त्याचं काम चालू असेल, तो चिडेल, कंपनीचं नुकसान होईल, यातलं काही मनात आणू नका. पुन्हा लावा. तरी नाही लागला तर आणखी लावा. दारात कोण उभं आहे ते आतल्याला कळत नसतं हो. मी आत होतो, मला नाही कळलं.